टाके निघेपर्यंत पाय कोरडा ठेवताना

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड अनेक वर्षे बाहेर येत गेले होते आणि अंगठा शेजारच्या बोटावर चढू लागला होता. या विकाराला बनियन म्हणतात. शस्त्रक्रियेत ते हाड कापून सरळ रेषेत आणले गेले आणि दोन बारीक स्क्रूंनी तेथे पक्के बसवले गेले. शस्त्रक्रियेपूर्वी मी वेदनेविषयी, कुबड्यांविषयी आणि कामावर परतण्याविषयी बरेच प्रश्न विचारले होते, पण आंघोळीविषयी एकही प्रश्न मला सुचला नव्हता. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर त्याबाबत एकच ओळ होती: पट्टी कोरडी ठेवा, भिजल्यास लगेच कळवा. त्या ओळीत किती गोष्टी सामावल्या आहेत, हे पुढच्या दोन आठवड्यांत मला हळूहळू समजत गेले.

पट्टी कोरडी का हवी, हे आधी सांगते, कारण ते नीट कळले असते तर मी पहिली चूक केली नसती. टाक्यांवर जाळीदार कापड, त्यावर कापसाचा जाड थर आणि त्यावर क्रेप बँडेज, अशी ती पट्टी घोट्याच्या वरपर्यंत होती. जखम झाकणे हे तिचे एक काम होते आणि कापलेले हाड जुळेपर्यंत अंगठ्याला नव्या जागी धरून ठेवणे हे दुसरे, त्यामुळे ती घरच्या घरी सोडून पुन्हा बांधण्याचा प्रश्नच नव्हता. ओले कापड बाहेरचे जंतू आत ओढून नेते, शिवाय दमट कापसाखाली दीर्घकाळ राहिलेली त्वचा पांढरी आणि लिबलिबीत होते आणि अशा त्वचेला टाक्यांजवळ इजा होणे सोपे असते. थोडेसे भिजले तर काय बिघडते, असे आपल्याला बाहेरून वाटते. आत मात्र ती ओल कित्येक तास वाळत नाही.

पहिले चार दिवस मी आंघोळ केलीच नाही. पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा होता आणि तो खाली सोडला की काही मिनिटांतच टाक्यांत ठणका सुरू होई. पलंगावर पाय उशांवर ठेवून मुलीने आणलेल्या कोमट पाण्यात कापड बुडवून, घट्ट पिळून, मी एकेक भाग पुसून घेत असे. कापड पिळलेले असल्याने पाण्याचा थेंबही इकडेतिकडे जात नसे. या पुसून घेण्याला मी कमी लेखत होते, पण त्या दिवसांत शरीराला तेवढेच पुरेसे होते. तिसऱ्या दिवशी मुलीने मला खुर्चीवर पाठ टेकवून बसवले, माझी मान बेसिनवर मागे टेकवली आणि केस धुऊन दिले. तेव्हा उजवा पाय समोरच्या दुसऱ्या खुर्चीवर होता, पाण्यापासून पुष्कळ लांब.

पाचव्या दिवशी मी उतावीळपणा केला. पायावर प्लॅस्टिकची मोठी पिशवी चढवली, पोटरीवर चिकटपट्टीचे तीन वेढे घट्ट घातले आणि न्हाणीघरात स्टुलावर बसून पाय खाली जमिनीवर ठेवला. पाय शॉवरपासून दूर असल्याने मी निश्चिंत होते. पाणी मात्र मांडीवरून गुडघ्याकडे, गुडघ्यावरून पोटरीकडे सरळ उतरत होते आणि चिकटपट्टी ओल्या, साबणाच्या त्वचेवर नीट चिकटत नसल्याने तिच्या एका सुरकुतीतून ते आत शिरत होते. टाचेला गार लागले तेव्हा मला कळले. पिशवी काढली तर बँडेजचा मागचा भाग ओला झालेला होता.

माझ्या मनात पहिला विचार आला तो केस वाळवण्याच्या यंत्राचा. रुग्णालयात फोन केल्यावर तेथील सिस्टरांनी मला लगेच थांबवले. त्या म्हणाल्या, “ताई, वरचा थर कोरडा लागेल, पण आतला कापूस ओलाच राहील. आणि तुमच्या पायाला अजून पूर्ण संवेदना आलेली नाही, गरम हवेने भाजले तरी तुम्हाला कळणार नाही. पट्टी उघडू नका, आजच या.” त्याच दुपारी पट्टी बदलली गेली. टाके सुदैवाने ठीक होते, फक्त टाचेच्या बाजूची त्वचा पांढरी पडली होती. नवी पट्टी बांधताना त्यांनी मला सांगितलेले वाक्य पुढे सर्वाधिक उपयोगी पडले: पाणी उडते त्याची काळजी कमी करा, पाणी ओघळते त्याची जास्त करा.

त्यानंतर माझी सगळी रीत बदलली. पाय खाली ठेवण्याऐवजी मी तो समोरच्या दुसऱ्या स्टुलावर, गुडघ्यापेक्षा थोडा उंच ठेवू लागले, म्हणजे ओघळणारे पाणी पावलाकडे न जाता मांडीकडे परत येई. पिशवीऐवजी प्लास्टर झाकण्यासाठी मिळणारे, वर रबरी गळा असलेले जलरोधक आवरण आणले. तो गळा बोटे बधिर होतील इतका आवळू नये, एवढे मात्र पाहावे लागते. आवरणाच्या वर, गुडघ्याखाली, मी कोरड्या टॉवेलची घडी गुंडाळत असे, जेणेकरून वरून येणारे पाणी तेथेच शोषले जाई. आवरणाच्या गळ्याखाली टिश्यू पेपरचा एक तुकडा खोचून ठेवण्याची युक्ती मुलीची. आंघोळीनंतर तो कोरडा निघाला की आत पाणी गेले नाही, याची मला खात्री पटे. हे सगळे शस्त्रक्रियेच्या आधी, पायात साधा मोजा घालून एकदा करून पाहायला हवे होते. मोजा भिजला असता तर कोणाचेच काही बिघडले नसते.

आणखी एक ओल असते, जिचा मी विचारच केला नव्हता. बंद आवरणात पाय घामेजतो आणि गरम पाण्याच्या वाफेने आतल्या बाजूला दव धरते. म्हणून पाणी कोमट ठेवायचे, आंघोळ पाच-सात मिनिटांत उरकायची, आधी बाकीचे अंग पुसायचे आणि मग आवरण हळूच खाली सरकवत काढायचे, हा क्रम मी पाळला. ओल्या फरशीवर प्लॅस्टिक फार निसरडे होते, त्यामुळे आवरण घातलेला पाय टेकून उभे राहण्याचा प्रयत्न मी एकदाही केला नाही. मुलगी दाराबाहेर थांबत असे आणि बसल्या जागी पाय पूर्ण कोरडा झाल्याशिवाय कुबड्या माझ्या हाती देत नसे.

रोज संध्याकाळी मी पट्टीचा वास घेत असे आणि बोटांची टोके पाहत असे. दुर्गंधी, पट्टीतून झिरपणारा पू, पसरत जाणारी लाली, ३८ अंश सेल्सिअसहून अधिक ताप किंवा कमी होण्याऐवजी वाढत जाणारी वेदना यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहायची नाही, असे मला सांगितले होते. पोटरी दुखून सुजली तरीही तातडीने कळवायचे होते, कारण ते रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. अंगठा जागेवर धरणारी पट्टी मात्र सहा आठवडे राहणार होती, पण आता ती काढून पुन्हा कशी बांधायची, हे मला शिकवले गेले. टाक्यांची छिद्रे मिटावीत म्हणून आणखी दोन दिवस थांबून मी पाय पहिल्यांदा धुतला: हातात साबणाचा फेस घेऊन, जखमेवर न घासता, वरून पाणी सोडून. नंतर स्वच्छ कापडाने टिपून घेतले, बोटांच्या बेचक्यांत विशेष लक्ष देऊन, कारण पट्टीखाली ओल राहते ती तेथेच. पाय पाण्यात बुडवून बसण्याची मनाई खपल्या पूर्ण पडेपर्यंत होती आणि कोरडी, सोलवटणारी त्वचा कितीही खाजली तरी जखमेच्या रेषेवर मलम लावायचे नव्हते. सहाव्या आठवड्यात क्ष-किरण तपासणीनंतर पट्टी कायमची निघाली. सूज उतरायला अजून काही महिने लागतील असे डॉक्टरांनी सांगितले आहे, म्हणून न्हाणीघरातील दोन्ही स्टुले मी अजून तेथेच ठेवली आहेत.