वीस लिटरचा कॅन आणि तापणारा ट्रॅक्टर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ज्वारीचं रान नांगरायला काढलं. बार्शी तालुक्यातली आमची काळी जमीन, वर बेचाळीस अंशांचं ऊन. पंचवीस मिनिटं झाली असतील, काटा लाल पट्ट्यात गेला आणि ट्रॅक्टर पाणी फेकायला लागला. अण्णा बांधावरूनच ओरडले, "बंद करू नको, नांगर उचल, हळू चालू दे!" तापलेलं इंजिन एकदम बंद केलं की आतलं पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधली, म्हणजे सिलेंडरवरच्या जाड झाकणातली, उष्णता तिथंच कोंडते, हे त्यांनी मला लहानपणापासून शिकवलंय. बऱ्याच वेळानं रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीच्या, टोपीवर ओलं पोतं टाकून ती जराशी सैल केली, वाफ जाऊ दिली, आणि मडगार्डला बांधलेल्या वीस लिटरच्या कॅनमधलं बोअरचं पाणी थोडं थोडं ओतलं. अण्णांच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे, तो अशीच एक टोपी घाईनं उघडल्याचा.

हा कॅन दहा-बारा वर्षं त्याच जागी बांधलेला होता. ट्रॅक्टर जुना झाला की पाणी पितोच, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

ट्रॅक्टर १९८२ सालचा मॅसी १०३५, आजोबांनी घेतलेला. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला पूर्वी बनणाऱ्या मॅसी फर्ग्युसन ३५ चं हे इकडचं भावंड. तीन सिलेंडर, पर्किन्सच्या धाटणीचं सिम्पसन इंजिन. अजूनही सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होतो. तो भंगारात घालायचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही.

मिस्त्री आले, पाच मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाले, "हेड गेलंय बघा. गॅस्केट टाकू, हेड फेस करून आणू." म्हणजे हेडखालची गळती रोखणारी पट्टी बदलायची आणि हेड घासून सपाट करायचं. खर्च चौदा हजार. त्याच्या आदल्या वर्षी याच तक्रारीवर वॉटर पंप आणि बेल्ट बदलून झाले होते. या वेळी मी मिस्त्रींना म्हटलं, "आठ दिवस द्या. खात्री पटली तर हेड तुम्हीच उतरवा." त्यांनी राग मानला नाही, उलट हेड कसं तपासायचं तेही सांगितलं.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना फॅन बेल्ट काढायचा, म्हणजे पंप फिरत नाही. रेडिएटर गळ्यापर्यंत भरायचा, टोपी उघडी ठेवायची आणि इंजिन एखादं मिनिट चालवून रेस द्यायची. गॅस्केट फुटलं असेल तर सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आणि गळ्यात बुडबुडे सारखे येत राहतात. मी टॉर्च धरून बघत होतो. सुरुवातीला दोन-चार आले, अडकलेली हवा, मग पाणी स्थिर झालं. डिपस्टिकवरचं ऑइलही पाणी मिसळून दुधाळ झालेलं नव्हतं. हेड ठीक होतं. मला फार हायसं वाटलं.

मग बाहेरून सुरुवात केली. रेडिएटरच्या जाळीत ज्वारीचा भुसा, धूळ आणि ग्रीस यांचा नमदा बसला होता. तो इंजिनाच्या बाजूनं पुढे हवा मारून काढला. पुढून मारला तर कचरा आणखी आत जातो. पाण्याचा जोरदार फवारा मारायचा मोह होतो, पण त्यानं पत्र्याची पानं वाकतात. बेल्टचा ताण बरोबर होता. टोपीचं रबर मात्र चिरलं होतं. टोपीवर ७ हा आकडा असतो, म्हणजे सात पौंड दाब. एवढा दाब टिकला तर पाणी शंभरऐवजी साधारण १११ अंशांना उकळतं. रबर फाटलं की ही सूट गेली. नवी टोपी घेतली.

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी ठरावीक तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. त्याचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. आपल्याकडे ट्रॅक्टर तापला की पहिला उपाय हाच करतात, थर्मोस्टॅट काढून फेकायचा. माझ्या मते हा उपाय नव्हे. इंजिन मग सकाळी कितीतरी वेळ गार राहतं, पांढरा धूर सोडतं, सिलेंडरमधल्या लायनर-रिंगा झिजतात, आणि तापायचं खरं कारण दडून राहतं. नवा आणला, त्यावर ८२ कोरलेलं. बसवण्याआधी दोऱ्याला टांगून पातेल्यात सोडला, शेजारी डेअरीतला थर्मामीटर धरला. ८० पर्यंत गप्प, ८३ ला कड हलली, ९३-९४ ला पूर्ण उघडला. आईनं चुलीजवळ हे सगळं बघितलं आणि म्हणाली, "पातेलं परत चहाला नको वापरू."

एवढं करून पुन्हा रानात. तापलाच.

कोड्याची किल्ली या वेळी सापडली. पोल्ट्री असलेल्या मित्राकडून तापमान मोजायची गन आणली होती. चकचकीत पितळेवर ही गन चुकीचा आकडा दाखवते, रबरावर आणि काळ्या रंगावर बरोबर दाखवते, म्हणून मोजलं ते रेडिएटरच्या रबरी पाइपांवर: वरच्यातून इंजिनाचं गरम पाणी येतं, खालच्यातून गार होऊन परत जातं. वरचा पाइप ९७, खालचा ५९. अडतीस अंशांचा फरक! चांगल्या रेडिएटरमध्ये दहा-पंधरा असतो. जाळी बाहेरून चोंदली असती तर पाणी गार झालंच नसतं, दोन्ही पाइप तापले असते. इथं पाणी गार होत होतं, पण फार थोडं पाणी खाली उतरत होतं. मग रेडिएटरवर गन फिरवली. डाव्या बाजूचा एक तृतीयांश भाग उजव्यापेक्षा वीस अंशांनी गार. त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. अण्णांना रेस द्यायला सांगून मी खालच्या पाइपाकडे बघत राहिलो. रेस वाढली तसा जाड रबरी पाइप मधोमध आत ओढला गेला, कुणी चिमटीत धरल्यासारखा चपटा झाला, आणि रेस सोडल्यावर पुन्हा फुगला. पंप पाणी मागत होता आणि रेडिएटर देत नव्हता.

आधी घरगुती उपाय केला. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास इंजिन चालवलं. निघालेलं पाणी काळ्या चहासारखं. नंतर धुण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं, मग साधं पाणी. पंचवीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटांनी तापायला लागला. रोग बरोबर ओळखला होता, औषध कमी पडत होतं.

रेडिएटर उतरवून बार्शीला नेला. कारागिरानं डाख वितळवून वरची टाकी सोडवली आणि मला बोलावलं, "हे बघा साहेब." चपट्या नळ्यांची तोंडं दिसायला हवी होती, तिथं पांढरट-तांबडा थर बसलेला, सिमेंटचा गिलावा केल्यासारखा. त्यानं पोलादाची पातळ पट्टी एकेका नळीतून वरून खाली घातली. काही नळ्यांत ती दोन बोटं जाऊन अडायची, मग कर्र आवाज करत पुढे सरकायची. खाली धरलेल्या घमेल्यात चुन्याच्या खपल्या पडत होत्या. एक मी उचलली. आमच्या बंबाच्या तळाला बसतो तोच थर, तसाच खरखरीत.

तिथं उभा असताना मला कॅन आठवला. आमच्या बोअरचं पाणी जड. ते तापलं की त्यातला चुना सुटून गरम धातूवर बसतो. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मात्र मागे राहतात, आणि आम्ही वर पुन्हा तेच पाणी ओतायचो. चुन्यातून उष्णता लोखंडाच्या मानानं अगदी थोडी जाते, त्यामुळे इंजिन आणखी तापायचं, आणखी पाणी प्यायचं. ट्रॅक्टर वाचवायला म्हणून जे पाणी आम्ही भरत होतो, त्यानंच त्याचा गळा आवळला होता. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

रेडिएटर बाहेर होता तोवर इंजिनाच्या ब्लॉकचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, उघडला. एक थेंब आला नाही. तारेनं टोचत राहिलो, मग एकदम लाल गाळ बाहेर आला, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायच्या हुरमुंजासारखा. उलट्या दिशेनं पाणी सोडून स्वच्छ येईपर्यंत धुतला. रेडिएटरचे अठराशे रुपये झाले. आत भरलं ते बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मं निम्मं.

मे महिन्यात उरलेलं रान काढलं. तास सरळ, नांगर पूर्ण खोलीला, तासभर न थांबता. वरचा पाइप ८७, खालचा ७५. मिस्त्रीही बघायला आले होते, त्यांनी गन हातात घेऊन दोनदा स्वतः मोजलं आणि कुठून आणली ते विचारून घेतलं. दुपारी लिंबाखाली ट्रॅक्टर लावला. खाली माती कोरडी. जेवण झाल्यावर अण्णा उठले, मडगार्डची सुतळी सोडली, कॅन घेऊन बांधावर गेले आणि त्यातलं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं.