जावा समुद्रात इंजिन थांबवलं तेव्हा

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. बोर्निओच्या दक्षिणेला ताबोनेओ इथं समुद्रातच नांगर टाकून, बार्जमधून कोळसा भरून आमचं जहाज पहाटे गुजरातेतल्या मुंद्र्याकडे निघालं होतं. मी सेकंड ऑफिसर. दुपारी आणि रात्री बारा ते चारची वॉच माझी, मार्ग आखायचं कामही माझंच.

सव्वाच्या सुमारास डेक कॅडेट दुर्बीण न काढताच ओरडला, "सर, पाण्यात माणसं आहेत!" उजव्या हाताला दोनेक मैलांवर एक पालथी होडी आणि तिला चिकटलेले ठिपके. कॅप्टन मिनिटभरात ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत आले. पोटात पन्नास हजार टन कोळसा असलेलं जहाज असं चटकन थांबत नाही. इंजिनरूमला कळवायचं, वेग टप्प्याटप्प्यानं उतरवायचा, वळसा घालून वाऱ्याच्या बाजूनं यायचं, म्हणजे जहाजाच्या आडोशाला पाणी जरा निवतं. पाण्यातल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. जहाज पुढे निघून चाललंय, एवढंच त्याला दिसतं. हात हलवणारे ते लोक एकेक करून हात खाली घेत गेले, ते मी दुर्बिणीतून पाहिलं. आजही रात्री कधीकधी तेच दिसतं.

सहा जण होते. चार जण पायलट लॅडरनं, म्हणजे बाजूला सोडलेल्या दोराच्या शिडीनं चढले. पाचव्याच्या हातात त्राण नव्हतं, तेव्हा आमचा बोसन, डेकवरच्या खलाशांचा मुकादम, कमरेला दोर बांधून खाली उतरला आणि त्याच्या काखेतून फास घालून वर घेतला. शेवटचा म्हातारा सगळे वर जाईपर्यंत शिडीला हात लावायला तयार नव्हता. बोसन हर्णैचा, बापजाद्यांपासून मासेमारी. म्हणाला, "साहेब, ह्यो तांडेल." म्हणजे होडीचा प्रमुख.

होडीतली डिझेलची टाकी फुटून सगळे तेलानं माखले होते. डोळे लालभडक. मी साबण मागवला तर बोसन म्हणाला, "साबण नको, साहेब, झोंबेल. खोबरेल आणा." मग कापसाचा बोळा खोबरेलात बुडवून त्यानं म्हाताऱ्याच्या पापण्या आधी पुसल्या, मग कान, मग मान. बोळा काळा झाला की दुसरा.

ते बोळे पाहून मला 'एन्काउंटर' आठवली. सकाळी मार्ग आखताना ती बुडाल्याची जागा नकाशावर नजरेखालून गेलीच होती.

एन्काउंटर ही ब्रिटिश विनाशिका, १९३४ सालची. नॉर्वे, भूमध्य समुद्र, माल्टा करत ती १९४१ च्या शेवटी सिंगापूरला आली. २७ फेब्रुवारी १९४२ ला जपान्यांशी झालेल्या जावा समुद्राच्या लढाईत 'कोर्टेनार' ही डच विनाशिका टॉर्पेडो लागून दुभंगली. एन्काउंटरनं तिचे ११३ जण पाण्यातून उचलून सुराबायाला पोचवले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, जायबंदी झालेली 'एक्झिटर' क्रूझर आणि अमेरिकी 'पोप' यांच्यासोबत ती पुन्हा बाहेर पडली. सुंदा सामुद्रधुनी गाठून सिलोनला निसटायचा बेत होता. १ मार्चला जपानी क्रूझरांनी त्यांना गाठलं. एक्झिटरच्या कप्तानानं बाकीच्या दोघींना पुढे निघा म्हटलं, पण एन्काउंटरही फार लांब जाऊ शकली नाही. मार लागून इंजिनं बंद पडली, तेव्हा कप्तान मॉर्गन यांनी जहाज स्वतःच बुडवायचा हुकूम दिला. तिन्ही जहाजं त्याच दिवशी गेली.

माणसं रात्रभर तेलकट पाण्यात तरंगत होती. दुसऱ्या सकाळी 'इकाझुची' ही जपानी विनाशिका आली. तिचे कप्तान शुन्साकु कुदो. आजूबाजूला शत्रूच्या पाणबुड्या असू शकतात हे माहीत असूनही त्यांनी जहाज थांबवलं आणि आपल्या खलाशांच्या जवळजवळ दुप्पट, चारशेहून अधिक शत्रुसैनिक वर घेतले. जपानी खलाशांनी कापूस आणि अल्कोहोलनं त्यांच्या अंगावरचं तेल पुसलं, कपडे दिले, खायला दिलं. कुदोंनी त्यांना इंग्रजीत सांगितलं की तुम्ही शौर्यानं लढलात, आता आमचे पाहुणे आहात. पुढे कैदेच्या छावण्या होत्याच, त्या कुणाला चुकल्या नाहीत. पण तो एक दिवस होता. वाचलेल्यांपैकी सॅम फॉल नावाचा तरुण अधिकारी पुढे ब्रिटनचा राजदूत झाला. २००८ मध्ये, ८९ व्या वर्षी, कावागुचीला जाऊन त्यानं कुदोंच्या कबरीचं दर्शन घेतलं.

इकाझुचीचं काय झालं, ते मला सांगवत नाही, पण सांगायला हवं. १३ एप्रिल १९४४ ला ग्वामच्या दक्षिणेकडे 'हार्डर' या अमेरिकी पाणबुडीनं तिला बुडवलं. एकही माणूस वाचला नाही. कुदो त्याआधीच दुसऱ्या जहाजावर गेले होते.

इंडोनेशियाच्या बचाव केंद्राशी बोलून ठरलं की सहाही जणांना दुसऱ्या दिवशी जाकार्ताबाहेर केंद्राच्या बोटीवर सोपवायचं. रात्री माझ्या वॉचला आम्ही एन्काउंटरच्या जागेजवळून गेलो. पाण्याची खोली मोजणारा एको साउंडर साठेक मीटर दाखवत होता. तिचा सांगाडा २००७ मध्ये बुडी मारणाऱ्या डायव्हरना सापडला होता. २०१६ च्या पाहणीत तो जवळजवळ नाहीसा झालेला आढळला. भंगारवाल्यांनी लोखंड कापून नेलं होतं. ज्यांच्या देहांची ती कबर होती, त्यांचा विचार कुणी केला नसेल? मला हे फार लागतं.

ब्रिजच्या विंगवर आलो. खाली हॅच कव्हरजवळच्या दिव्यात बोसन आणि तो तांडेल बसले होते. दोघांनाही झोप नव्हती, भाषा तर एकमेकांची अजिबात येत नव्हती. बोसन बोटांमध्ये अंतर धरून जाळ्याच्या भोकाचं माप दाखवत होता. म्हातारा मान हलवून ते अंतर कमी करत होता.