आमची वाटचाल: फुग्यांचा टी-रेक्स

कमानी, खांब, वाढदिवसाची सजावट यांवर आमचं बरं चाललं होतं. पण लोक विचारतात ते फुगे वळून केलेल्या, टी-रेक्स या डायनासोरच्या पूर्ण आकाराच्या सांगाड्याबद्दल, आणि त्याचं श्रेय आज दुसरेच घेत फिरतात, म्हणून हे लिहायला बसलो.

माप घेतलं ते शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या 'सू' या टी-रेक्सच्या खऱ्या सांगाड्याचं. लांबी १२.३ मीटर. बरगड्यांना २६० नंबरचे लांब फुगे, मांडीच्या हाडांना ६४६, हाताच्या बोटांना १६० (पहिला आकडा जाडीचे इंच, पुढचे दोन लांबीचे). मानेचे मणके १०, पाठीचे १३. प्रत्येकाच्या मापाचं भोक पुठ्ठ्यात पाडलं आणि फुगा त्यातून जेमतेम सरकेल एवढाच फुगवला. शेपटी जमिनीला टेकू न देता तंगुसानं छताला टांगली.

सगळा माल येऊन पडला आणि सुरुवातीपासूनचा भागीदार फुटला. आराखडे, पुठ्ठ्याचे साचे, दोन्ही इलेक्ट्रिक पंप घेऊन गेला आणि ज्यानं हा सांगाडा मागितला होता त्याच गिऱ्हाइकाला आमच्यापेक्षा कमी भाव देऊन काम उचललं. आमच्याकडे उरली उधारी आणि खोक्यांत पडून असलेलं लेटेक्स, म्हणजे फुग्यांचं रबर. ते जुनं झालं की पीळ देतानाच फुटतं. दुकान बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं.

तारलं ते एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी. त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. प्रदर्शनासाठी सांगाडा मागितला आणि सगळे पैसे आगाऊ दिले. अट एकच, पोटाखालच्या बारीक बरगड्या हव्यातच. 'सू'च्या सांगाड्यावरही त्या २०१८ मध्ये बसवल्या. आम्ही हातपंपावर रात्री जागून त्या एकेक वळल्या. बाईंनी खाली वाकून, बोट लावून सगळ्या तपासल्या.

नव्यानं शिकणाऱ्यांनी एवढं पाळावं. पीळ कायम एकाच दिशेनं द्या. फुगवल्यावर थोडी हवा सोडा, गाठीजवळ फुगा मऊ लागला पाहिजे. टोक रिकामं ठेवा, नाहीतर शेवटच्या पिळाला हवा जायला जागाच राहत नाही. आणि उन्हाच्या खिडकीपाशी काहीही उभं करू नका, लेटेक्स आधी धुरकटतं, मग फुटतं. भागीदाराचा सांगाडा नेमका तिथंच उभा होता.

त्याचे फोटो अजून आमच्या नावानं फिरतात. त्यात शेपटी जमिनीवर लोळतेय आणि हाताला तीन बोटं आहेत. टी-रेक्सला दोनच असतात, आमच्यालाही दोनच आहेत.