कॅलिपर जाम: आधी निदान, मग खरेदी

कॅलिपर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड दाबणारा चिमटा, जाम झाला की गॅरेजवाले सरळ नवीन असेंब्ली, म्हणजे अख्खा कॅलिपरच, घ्यायला सांगतात. मलाही एकाने तेच सांगितलं, तेही चाक न काढता. पण जाम होणाऱ्या जागा एकाहून जास्त आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. माझ्या गाडीत त्यातल्या दोन एकदम निघाल्या.

गाडी रत्नागिरीजवळच्या घरी, अंगणात, जवळपास पावसाळाभर उभी होती. समुद्र हाकेच्या अंतरावर. पाऊस ओसरल्यावर कोल्हापूरला जायला बाहेर काढली तेव्हा पहिल्याच वळणाला चाकांतून खट् आवाज आला. त्यात विशेष काही नसतं. डिस्कवर गंजाचा थर येतो, पॅड त्याला चिकटून बसतात आणि गाडी हलली की सुटतात. चार-दोन वेळा ब्रेक दाबला की डिस्क घासून साफ होते.

पालीच्या पुढे मात्र गाडी डावीकडे ओढायला लागली. नाणीजच्या आसपास गिअर काढून नुसती सोडून पाहिली, तर सपाट रस्त्यावर कुणीतरी मागून धरल्यासारखी चटकन थांबली. साखरप्याला चहाला उतरलो तर जळका वास. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता, उजवं जेमतेम कोमट. टपरीवरचा पोरगा उत्साहाने पाण्याची बादली घेऊन आला, त्याला आवरलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकू शकते, तडाही जाऊ शकतो. आंबा घाट समोर होता. चढ एक वेळ निभला असता, पण ब्रेक ऑईल उकळून पेडल खाली गेलं तर घाटात करायचं काय? टोइंगवाल्याला फोन लावला आणि गाडी परत रत्नागिरीला नेली.

नवीन असेंब्लीचा सल्ला तिथेच मिळाला. मग ओळखीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावला आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. हलेना. "थांबा साहेब, आधी पायपाला विचारू," म्हणाले.

'पायपाला विचारणं' म्हणजे ब्लीडिंग निपल, कॅलिपरमधून ऑईल आणि हवा बाहेर काढायचा बारका पोकळ स्क्रू, सैल करून बघणं. ब्रेकचा रबरी होज आतून फुगला की पायाच्या जोराने ऑईल कॅलिपरमध्ये जातं, पण पाय काढल्यावर परत येत नाही आणि बाहेरून होज ठणठणीत दिसतो. निपल उघडल्यावर चाक मोकळं झालं, तर दोष होजमध्ये किंवा त्याच्या वर. तरीही घट्टच राहिलं, तर कॅलिपरमध्ये.

पण निपलही गंजलेला. इथे घाई केली की तो मुळाशी तुटतो आणि मग खरोखरच नवीन कॅलिपर घ्यावा लागतो. मिस्त्रींनी गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी बारक्या हातोडीने टिचक्या मारल्या, षटकोनी सॉकेट नीट बसवला आणि सोडवायच्या आधी निपल किंचित आवळला. कुर्र आवाज आला, मग उलटा फिरला. ऑईल निघालं, कडक चहाच्या रंगाचं. चाक हललं नाही. म्हणजे होज निर्दोष.

कॅलिपर उतरवला आणि होजवर भार येऊ नये म्हणून सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तारेने टांगला. आतला पॅड झिजून पाठच्या पत्र्यापर्यंत गेलेला, तोही एका टोकाला तिरका. बाहेरचा अर्धाअधिक शिल्लक. आमच्यासारख्या साध्या गाड्यांत पिस्टन एकच, आतल्या बाजूला. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिन सरकली नाही की सगळा भार आतल्या पॅडवर. आमची वरची पिन बोटाने सरकत होती. खालचीचं रबर बूट चिरलेलं, आत पाणी शिरलेलं. पाना लावून पुढे-मागे फिरवत ती काढायला मिस्त्रींना अर्धी सकाळ लागली. बाहेर आली ती तपकिरी भुकटी घेऊन.

पिस्टनही सहज मागे जाईना. तो पेडल दाबूनच बाहेर काढला, समोर लाकडाचा ठोकळा ठेवून. हवेच्या प्रेशरने काढतात तेव्हा तो उडतो आणि मध्ये आलेली बोटं चेचतात. डस्ट बूट, म्हणजे धूळ अडवणारं रबरी आवरण, त्याच्याखालच्या भागात पिस्टनच्या क्रोमला खड्डे पडले होते. नखाला लागेल असा खड्डा पॉलिश पेपरने घासून जात नाही. पिस्टनला मागे ओढण्याचं काम चौकोनी काटछेदाच्या रबरी सीलचं असतं आणि असा खड्डा ते सील खाऊन टाकतो. पिस्टन, सील किट, पिना, बूट असं सगळं नवीन आणलं, तरी असेंब्लीपेक्षा बरंच स्वस्त पडलं. कॅलिपरचं भोक आतून गुळगुळीत होतं म्हणून हे जमलं. तिथेच खड्डे असते तर मीही मुकाट्याने असेंब्ली घेतली असती.

सीलची खाच मिस्त्रींनी बांबूच्या काडीने साफ केली. स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा पुढे गळतीला वाट देतो. सीलला ताजं ब्रेक ऑईल लावून पिस्टन अंगठ्यांनी सरळ दाबला. पिनांना खास ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं, कारण साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतो, ती आपल्याच जागी जायला हवी. डिस्क तापून निळसर झाली होती. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी व्हर्नियरने ताडून पाहिली, जाडी पुरेशी निघाली. पॅड मात्र दोन्ही चाकांचे बदलले. उजवीकडच्या पिनाही त्याच हाताने साफ करून घेतल्या.

ब्रेक ऑईल पूर्ण बदललं. हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो आणि सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावरचा किमान आकडा १५५ अंश आहे. कोकणच्या हवेत दोन वर्षांवर ते ठेवू नये, असं माझं मत आहे.

एअर काढताना पेडलवर मी, निपलवर मिस्त्री. "दाबा... धरून ठेवा... सोडा." ते 'सोडा' म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही, नाहीतर हवा परत आत. पेडल कडक झाल्यावरच गाडी हलवली. हातखंब्यापर्यंत जाऊन आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात नेला, सारखीच कोमट होती आणि गाडी सरळ धावत होती.

आता गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढत नाही. गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावतो आणि आठवड्यातून एकदा वडील ती गेटपर्यंत नेऊन आणतात. मागचे ड्रम अजून उघडलेले नाहीत, ते दिवाळीच्या सुट्टीत.