तुम्ही विचारलेत म्हणून: लग्नाचे जेवण घरी का केले

मुलीच्या लग्नाचे जेवण घरीच आणि तेही बुफे पद्धतीने कसे केलेत, आणि त्यात खरोखर पैसे वाचले का, हे मला भाजी घेताना विचारले जाते, तसेच दुसऱ्यांच्या लग्नात हातात ताट असतानाही. विचारणाऱ्यांपैकी काहींना मेनू हवा असतो, काहींना आमची परिस्थिती जाणून घ्यायची असते. आधी मेनू सांगते.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर, कार्तिक वद्यात, पन्हाळ्याच्या बाजूच्या आमच्या शेतात झाले. माणसे 150 धरली होती. त्या दिवसांत रानात आणि बाजारात जे मुबलक असते तेच ताटात येईल, एवढा एकच नियम मी धरला. त्यामुळे खपली गव्हाची खीर, मसालेभात, वांगी-पावट्याचा रस्सा, पिठले, ज्वारीची भाकरी, खर्डा, नव्या शेंगदाण्यांची चटणी आणि मठ्ठा असा बेत ठरला. पनीर नाही, दुसरे पक्वान्न नाही. तांबडा-पांढरा का नव्हता, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगते की आमच्या घरी अक्षतांच्या दिवशी मटण शिजत नाही.

खपली महाग असते हे खरे, पण खिरीला माणशी 40 ग्रॅम पुरते आणि गुऱ्हाळे सुरू झालेली असल्याने गूळ ताजा मिळतो. सडलेला, म्हणजे कांडून कोंडा काढलेला गहू आदल्या दिवशी भिजत घालून रात्री चुलीवर चढवला. दाणा बोटांत चिरडला जाईपर्यंत गूळ घालायचा नाही, कारण गूळ पडल्यावर तो पुढे मऊ होत नाही. आणि गुळाच्या गरम खिरीत दूध ओतले तर फाटते, म्हणून थंड दूध टेबलावर वेगळे ठेवले. तांदूळ 12 किलो घेतला, तोही जुना, कारण नुकत्याच कापणी झालेल्या भाताचा तांदूळ मोठ्या पातेल्यात गिच्च होतो. भाकऱ्या तेवढ्या बचत गटातल्या बायकांकडून नगावर घेतल्या. टेबल मधोमध मांडून दोन्ही बाजूंनी रांग सोडली, भात शेवटी ठेवला आणि खिरीपाशी वाढायला माणूस उभा केला. पंगत घातली असती तर वाढपी कुठून आणायचे, हे मला कोणीही आजवर सांगितलेले नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. अक्षता पडल्यावर माझे थोरले दीर रांगेत आले, त्यांनी ताट घेतले आणि पिठल्याच्या पातेल्यापाशी थांबले. मागची माणसेही थांबली. त्यांनी रिकामे ताट पुन्हा चळतीवर ठेवले आणि माझ्या यजमानांना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरीच्या लग्नात पिठलं वाढतोस व्हय? पैसं नव्हतं, तर मला सांगायचं होतंस." यजमान काही बोलले नाहीत. मी खिरीची वाटी घेऊन भावजींच्या मागे गाडीपर्यंत गेले, निदान गोड तरी तोंडात घाला म्हणाले. त्यांनी काच वर केली. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी खरोखरच पैसे दिले असते, आणि पुढे प्रत्येक दिवाळीला ते दिल्याची आठवण घरात निघाली असती. व्याह्यांनी दोनदा पिठले मागून घेतले हे मी त्यानंतर अनेकांना सांगितले आहे, पण ज्यांना ऐकवायचे होते ते तेव्हा पन्हाळ्याचा रस्ता उतरून गेले होते.

तेव्हा मी सर्वांना सांगत असे की हा खर्चाचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. ते अर्धेच खरे होते. केटररने सांगितलेला ताटामागचा दर आम्हाला पतसंस्थेचे कर्ज काढल्याशिवाय परवडणारा नव्हता आणि तत्त्व मला त्यानंतर सुचले. मात्र ते नंतर सुचले म्हणून खोटे ठरते, हेही मला मान्य नाही.

पैसे वाचले का? किराणा, सरपण, भाड्याची पातेली आणि भाकऱ्या धरून केटररच्या निम्म्याहून कमी खर्च आला. मात्र या हिशेबात माझी जाऊ आणि दोन्ही नणंदा नाहीत, ज्या रात्रभर चुलीपाशी आळीपाळीने खीर ढवळत होत्या आणि मुहूर्ताच्या वेळी मसालेभाताला दम देत होत्या. मंगलाष्टके त्यांनी स्पीकरवर ऐकली. जावेला मी हे बोलून दाखवले तर ती म्हणते, "घरचं कार्य हाय, त्यात काय एवढं!" ती मनापासून म्हणते की माझे मन राखायला, हे मला अजून कळलेले नाही, आणि त्यांच्या कामाची मजुरी मांडली तर स्वस्त हा शब्द टिकतो का, हेही.

धाकटीच्या लग्नाचे काय, असे आता विचारू लागला आहात. दोन केटररचे दर मागवले आहेत, आणि कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात खपलीचा भावही विचारून ठेवला आहे.