तिसरा चहा

"दादा, ह्यो तिसरा. ह्याच्यावर पण साय धरली बघा."

काजे-बटणवाल्या अक्का कप उचलता उचलता एवढंच बोलल्या. मी फोनवरून मान वर केली. आधीचे दोन कप तसेच, मापांच्या वहीवर.

मे महिना, सोलापूरचं ऊन, आणि जूनच्या मध्यात शाळा उघडायच्या आत गणवेश पोचवायचे. युनिफॉर्मच्या धंद्यात वर्षाची भाकरी याच दिवसांत भाजायची. म्हणून सकाळपासून मी नुसता ओरडत होतो. कापड कमी, कॉलर उलटी. (उलटी नव्हतीच, ते नंतर कळलं.)

अक्का मात्र अकराला मशीन बंद करून निवांत चहा घेतात, मशीनला तेल घालतात, मग बसतात. सगळ्यात जास्त नग त्यांचेच निघतात.

चौथा चहा त्यांच्याशेजारी पायरीवर प्यायलो. फोन आत वाजत होता. दहा मिनिटांत कुणाची शाळा बुडणार होती?