इक्रिसॅटमधून हरभऱ्याचं बी मागवताना माझे दोन महिने कुठे गेले : माझा अनुभव

एमएस्सीला माझा विषय होता हरभऱ्यातले दुष्काळ सहन करायचे गुण. मुळं किती खोल जातात, पानात पाणी किती टिकतं, फूल किती दिवसांत येतं आणि शेवटी घाटे किती भरतात. आमच्याकडे सोयाबीन निघालं की त्याच वावरात हरभरा, तोही ओलिताशिवाय, जमिनीत उरलेल्या ओलीवर. म्हणजे विषय घरचाच.

तुलनेसाठी मला आयसीसी 4958 पाहिजे होतं. दमदार, खोल मुळांसाठी हे वाण संशोधनात प्रसिद्ध आहे, त्यातलाच जनुकांचा एक भाग घेऊन पुसा चना 10216 हे हरभऱ्याचं नवं वाण तयार झालं. बी हैदराबादजवळ पाटणचेरूला, इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या जीनबँकेत, म्हणजे बियाण्यांच्या साठ्यात. तिथली काहीच तक्रार नाही, कागद पोचल्यावर बी आलं. कागद आमच्या कॉलेजातून बाहेर पडायलाच सगळा वेळ गेला.

बी घेताना एक करारनामा भरावा लागतो आणि त्यावर संस्थेच्या अधिकृत माणसाची सही लागते, विद्यार्थ्याची चालत नाही. 22 सप्टेंबरला मी फाईल दिली. आठ दिवसांनी गेलो तर म्हणे साहेब दौऱ्यावर. मग दसरा. मग कळलं की फाईल साहेबांकडे गेलीच नव्हती, पत्रावर जावक क्रमांक नाही म्हणून टेबलावरच पडून होती आणि हे मला कोणी सांगितलं नाही. क्रमांक घेऊन परत दिली तर करारनाम्याच्या दोन प्रती पाहिजेत, मी एकच दिली होती. गावाहून कॉलेज 34 किलोमीटर, एसटीने जाणं-येणं करून दिवस जायचा, आणि तिकडे सोयाबीन निघून वावर मोकळं, वापसा आलेला, बाबा रोज विचारायचे, "तुयं बी कवा येते? ओल काय तुयासाठी थांबते का?" मी काय सांगणार. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा फाईल अजून तिथेच होती. सही झाली 14 नोव्हेंबरला, अर्ध्या मिनिटात. बी हातात आलं आणि पेरलं 28 नोव्हेंबरला.

याचा राग मला अजून आहे आणि कारण नुसता उशीर नाही. ज्यांच्याशी तुलना करायची ती हरभऱ्याची वाणं, जाकी 9218 आणि विजय, मी ऑक्टोबरात वेळेवर पेरली होती. उशिरा पेरलेला हरभरा घाटे धरतो तेव्हा फेब्रुवारीचं ऊन चढलेलं असतं, आणि तापमान 35 अंशांच्या वर गेलं की फूल गळतं, घाटे कमी लागतात. मग उत्पन्न घटलं ते पाण्याच्या ताणाने की उन्हाने हे वेगळं कसं काढणार? थीसिसला रब्बी एकच मिळते. शेवटी गाईड सरांच्या सल्ल्याने जाकी आणि विजय 28 नोव्हेंबरलाच परत पेरले, तेव्हा कुठे तुलना जमली.

ज्यांना बी मागवायचंय त्यांनी जूनमध्येच पत्र द्या, आणि दिल्याबरोबर झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसली की फाईल आलीच नाही म्हणतात.

मुळांचं काम मात्र मनासारखं झालं. चार फुटी पीव्हीसी पाईप उभे करून त्यात काळी माती आणि रेती समसमान भरली. नुसती काळी माती भरू नका, ती मुळांना अशी चिकटते की धुताना बारीक मुळं तुटतात. 35 व्या दिवशी पाईप रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी विहिरीवर चाळणीवर धुतले. आयसीसी 4958 ची मुळं जाकीपेक्षा डोळ्यांनाच दाट दिसत होती, आईने पण पाहिली.

हो, पानातल्या पाण्याचं राहिलं. पानं दुपारी तोडली की लगेच पिशवीत बंद करून बर्फाच्या डब्यात ठेवा, ताजं वजन घ्या, चार तास डिस्टिल्ड पाण्यात ठेवून परत वजन, मग ओव्हनमध्ये वाळवून. पहिल्या दिवशी माझी पानं एसटीतच सुकली, सगळे आकडे वाया गेले.

आणि खोल मुळं म्हणजे सगळीकडे जास्त उत्पन्न असं नाही. आमचं अर्धं वावर बरड आहे, दीड फुटावर मुरूम लागतो, तिथे मूळ जाणार कुठे? तिथे ओल संपायच्या आत पिकणारं वाणच पाहिजे. बाबा बरडावर लवकर येणारा हरभरा का पेरतात ते मला आता कळलं.